तलासरीची वाळू

समुद्राकाठच्या माणसानं बाहेरगावाहून वाळू आणावी, हा आमच्या चिखल्यात कितीतरी वर्षं विनोद म्हणून चालला. कुणी काही वेडगळ करायला निघालं की बायका म्हणायच्या, "आला गो, तलासरीची वाळू आणणारा." आमच्या गावात वाळूला काय तोटा? उंबऱ्यात वाळू, अंथरुणात वाळू, वाळत घातलेल्या बोंबलांत वाळू, पोरींच्या भांगात वाळू. अशा गावातला माझा बाप डहाणूला जाऊन तलासरीची एसटी पकडायचा आणि येताना खताच्या रिकाम्या गोणीत तिथल्या नदीची वाळू भरून आणायचा. कंडक्टर विचारायचा, "काका, गोणीत काय आहे?" बाबा सांगायचे, "वाळू." "कुठं उतरणार?" "चिखले." कंडक्टरला वाटायचं हा माणूस आपली चेष्टा करतोय. मग तो गोणी पायानं दाबून बघायचा आणि ती खरोखरच वाळूची निघाली की जास्तच गोंधळायचा. ही गोष्ट बाबा स्वतःच हसत हसत सांगायचे. मला मात्र त्यात हसण्यासारखं काही वाटायचं नाही. मी तेव्हा त्या वयात होते, ज्या वयात आपल्या आईबापांनी फक्त इतरांच्या आईबापांसारखं असावं एवढीच अपेक्षा असते.

बाबा मूळचे इंजिनाचे माणूस. मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. कुठल्या भागात दुखतंय ते त्यांना आवाजावरून कळायचं. याच गुणावर ते लिबियाला गेले. तिथं वाळवंटात पाण्याच्या खोल विहिरी खणायचं काम चालू होतं आणि पंपांची डिझेल इंजिनं सांभाळायला माणसं हवी होती. मी पाचवीत असताना बाबा गेले, ते परत आले तेव्हा मी अकरावीत होते. मधल्या वर्षांत दोनदा सुट्टीवर येऊन गेले, पण ते पाहुण्यासारखे आले आणि पाहुण्यासारखे गेले. खरं म्हणजे ते कायमचे परतले त्या दिवशी ओट्यावर बॅग ठेवून उभा असलेला तो काळवंडलेला माणूस मला परकाच वाटला. आय मात्र त्यांच्याकडे न बघता आधी बॅगेकडे बघत होती. आखातातून आलेल्या माणसांच्या बॅगांतून टेपरेकॉर्डर निघतात, साड्या निघतात, हे तिनं ऐकलं होतं.

बॅगेतून निघाली एक छोटीशी निळी चहाची किटली, बोटभर उंचीचे काचेचे चार पेले, मोठं थोरलं निळं फडकं, ज्याचा रंग हाताला लागत होता, खजुराची एक पिशवी आणि कागदात गुंडाळलेले पांढुरके चपटे दगड. साड्याही होत्या, पण तळाशी. त्या दगडांचं काय झालं ते सांगितलं पाहिजे. बाबा आंघोळीला गेले तेवढ्यात आयनं त्यातला एक उचलला, उलटापालटा केला आणि टाच घासायचा चांगला दगड म्हणून मोरीत नेऊन ठेवला. दोन दिवस ती त्यानं पाय घासत होती. तिसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, "यातला एक कुठं गेला?" ते बकरीच्या दुधाचं चीज होतं. वाळवंटातली माणसं ते उन्हात वाळवतात, असं की दगडासारखं होतं आणि महिनोन्‌महिने टिकतं. मग खजूर, बाजरी आणि हे चीज एकत्र कुटून पाण्यात कालवून पितात. लांबच्या वाटेवर हेच जेवण. आय म्हणाली, "अवो, मग आधी सांगायचं ना. माझ्या टाचा मऊ झाल्या, तेवढं तरी झालं." बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. तो परका माणूस मला पहिल्यांदा थोडा ओळखीचा वाटला तो तेव्हा.

ही सगळी माया एका माणसाची होती. त्याचं नाव मूसा. तो तिथल्या तुआरेग लोकांतला, विहिरी खणणाऱ्यांच्या छावणीत राखणदार. हे लोक म्हणजे उंट आणि बकऱ्या घेऊन वाळवंटात फिरणारे. त्यांच्यात बायका नाही, पुरुष तोंडावरून फडकं घेतात. बाबांना त्याची भाषा येत नव्हती, त्याला बाबांची येत नव्हती. दोघांनी मोडक्यातोडक्या अरबीवर सहा वर्षं काढली. छावणीतल्या खानावळीतलं डबाबंद जेवण खाऊन बाबांचं पोट बिघडलं तेव्हा मूसानं त्यांना आपल्या शेगडीपाशी बसवलं. खरं तर शेगडी कसली, जमीनच ती. वाळूवर जाळ करायचा, निखारे झाले की बाजूला सारायचे, तापलेल्या वाळूत ताटाएवढा खळगा करायचा आणि त्यात जाड भाकर सरळ वाळूवर ठेवायची. ना तवा, ना पान, ना कागद. वर पुन्हा गरम वाळू आणि त्यावर निखारे. काही वेळानं उकरून उलटायची, पुन्हा पुरायची. या भाकरीला ते तागेला म्हणतात. वाळू पुरेशी तापलेली आणि पुरेशी कोरडी असेल तर कणभरसुद्धा चिकटत नाही. झाडली, पाण्याचा हात फिरवला, की स्वच्छ. मग तिचे बारीक तुकडे करायचे, त्यावर मटणाचा टोमॅटो घातलेला पातळ रस्सा आणि वरून तूप, आणि सगळ्यांनी एकाच परातीतून खायचं. हे त्यांचं रोजचं जेवण आणि हाच त्यांचा पाहुणचार.

बाबांनी पहिला प्रयोग आमच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांखाली केला आणि तो साफ फसला. आपल्या दर्याची वाळू ओल धरते आणि मीठही धरते. भाकर अशी खारट झाली की आमचा कुत्रासुद्धा तिला हुंगून परत गेला. आय म्हणाली, "घरात मीठ कमी हाय काय, म्हणून भाकर दर्यात नेऊन भाजता?" पण बाबा इंजिनवाले. एखादी गोष्ट चालत नाही म्हणजे का चालत नाही हे कळल्याशिवाय त्यांना झोप यायची नाही. आय दर आठवड्याला सुकी मासळी घेऊन तलासरीच्या बाजाराला जायची. एकदा बाबा टोपल्या उचलायला तिच्याबरोबर गेले आणि दुपारी पाय मोकळे करायला नदीवर उतरले. पात्रात जाडसर, पिवळट, मोकळी वाळू. त्यांनी हात घातला आणि तिथंच बसून राहिले. एक वारली म्हातारी लाकडांचा भारा टेकवून उभी होती. तिनं विचारलं, "वाळू कशाला भरता, घर बांधता काय?" बाबा म्हणाले, "भाकर भाजायला." ती हसली नाही. म्हणाली, "आमी राखेत भाजतो. पानात गुंडाळून." आणि भारा उचलून गेली. बाबा पुढं नेहमी म्हणायचे की अख्ख्या तालुक्यात न हसणारी ती एकटीच भेटली.

मग आमच्या परसात डिझेलचं एक पिंप आडवं कापून त्याचं अर्धुक मांडलं गेलं आणि त्यात तलासरीची वाळू आली. रविवार हा तागेलाचा वार ठरला. बाबा सकाळी वाळूवरची ताडपत्री काढून तिला ऊन दाखवायचे. गव्हाचा रवा आणि थोडं बाजरीचं पीठ एकत्र करून घट्ट मळायचे, मळताना आयला जवळ येऊ द्यायचे नाहीत. सुरूची लाकडं तडतडायची, परस सगळा डिंकाच्या वासानं भरायचा. निखारे सारून खळगा केला की ते एक गोष्ट कधी चुकवायचे नाहीत. उजवा हात उलटा करून, बोटांच्या मागची बाजू खळग्याच्या तळाला क्षणभर टेकवायचे. मूसानं तसं शिकवलं होतं. तळहात इंजिनाच्या कामानं राठ झालेला, तो खोटं बोलतो, मागची बाजू खरं सांगते, असं ते म्हणायचे. भाकर झाली की हातावर घेऊन ती ठोठावायची, कान जवळ नेऊन. दार ठोठावल्यासारखा पोकळ आवाज आला की झाली. मग जेवण आणि जेवणानंतर चहा, तोसुद्धा तीनदा. त्याच पत्तीचा पहिला कडू, दुसरा जरा बरा, तिसरा साखरेचा गोड. तिसरा पेला घेतल्याशिवाय उठणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर थुंकणं, असं मूसाकडे मानतात. आय पहिल्या पेल्यालाच उठायची, तिचे बोंबील तिची वाट बघत असायचे. मी दुसऱ्याला उठायचे. तिसरा पेला बाबा एकटेच प्यायचे.

मला तागेला आवडायची नाही असं नाही. बाहेरून खरपूस, आतून मऊ, रश्शात भिजली तरी दाताखाली येणारी, तुपाचा आणि धुराचा वास असलेली ती चव आज चाळीस वर्षांनीही माझ्या जिभेवर आहे. आवडायची नाही ती तिची कीर्ती. बोर्डीच्या शाळेत मला पोरी 'वाळूखाऊ' म्हणायच्या. पुढं नर्सिंगला गेले, वाटलं सुटले, तर होस्टेलवर चिखल्याजवळचीच एक मुलगी निघाली आणि आठवड्याभरात मी 'उंटीण' झाले. आत्ता लिहिताना हसू येतं. त्या वयात उशीत तोंड खुपसून रडले होते.

नर्सिंग संपलं आणि मला बघायला पाहुणे येणार असं ठरलं. माणसं मूळची आगर गावची, पण नोकरीमुळं तलासरीत स्थायिक झालेली. मुलगा मास्तर, त्याचे वडील, ज्यांना सगळे अण्णा म्हणायचे, तेही निवृत्त मास्तर. बाबांनी ऐकल्या ऐकल्या जाहीर केलं, "तागेला करू." आय म्हणाली, "अवो, लोकं पोरगी बघायला येतात, उंट नाय." मी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, "पाया पडते बाबा, त्या दिवशी नको. सरळ पापलेट करा, भात करा. माझं हसं होईल."

"हसं कशाचं? माणूस घरी आला की आपल्याला जे सगळ्यात चांगलं येतं ते त्याच्यापुढं ठेवायचं."

"तुम्हाला इंजिन चांगलं येतं. ते ठेवा."

बाबा हसले. मी किती कडवटपणे बोलले ते त्यांना कळलं नाही असं मला वाटलं. ते म्हणाले, "हेमू, एकदा खाऊन तर बघू दे त्यांना. तुझ्याकडं बघायला आलेत, तर तुझा बाप कोण हाय तेही बघतील." मला नेमकं तेच नको होतं.

त्या दिवशी सकाळी बाबांनी नेहमीप्रमाणे पिंपावरची ताडपत्री काढली आणि मटण आणायला डहाणूला गेले. आय पुढच्या दारी सारवत होती. मी पाणी भरत होते. पाणी भरता भरता मी एक कळशी परसात नेली आणि वाळूत ओतली. दुसरीही ओतली. वाळूनं ते असं पिऊन टाकलं की जणू काही झालंच नाही. वरचा थर मी हातानं सारखा केला. दहा वाजेपर्यंत ऊन लागून तो वरून पांढराफटक कोरडा दिसायला लागला. खाली पिंपाचा तळ होता, पाणी जाणार कुठं? मी विचार केला होता तो एवढाच की बाबा वाळू उकरून बघतील, ती ओली निघेल, कुत्र्यानं नाहीतर पोरांनी काही केलं असेल म्हणून बेत रद्द होईल आणि आय पापलेट तळेल. विचार तरी कसला? एकवीस वर्षांच्या मुलीला लाज वाटली की तिच्या हातून जे होतं ते झालं.

पाहुणे आले. अण्णा ठेंगणे, तुरतुरे, प्रश्न विचारणारे. चहापोहे होताच म्हणाले, "व्याही, म्हणजे अजून व्हायचेत, पण तुमच्या त्या भाकरीबद्दल ऐकलंय हो. आमच्या नदीची वाळू नेता म्हणे. बघायला मिळेल का?" म्हणजे ती कीर्ती तलासरीपर्यंत पोचली होती आणि ज्यांच्यापासून मी ती लपवायला निघाले होते ते तिच्याचसाठी उत्सुक होते.  खुर्च्या परसात मांडल्या गेल्या. बाबांनी डोक्याला ते निळं फडकं गुंडाळलं. जाळ पेटला. तेवढ्यात मला आठवलं की मी कळशी पिंपाच्या शेजारीच ठेवून आले होते. बघते तर तिथं नव्हती. मोरीजवळच्या ओट्यावर जागच्या जागी पालथी घातलेली दिसली. आयनं उचलली असेल असं वाटून माझा जीव भांड्यात पडला.

निखारे झाले. बाबांनी ते सारले, खळगा केला, हात उलटा करून तळाला टेकवला. त्या दिवशी तो हात नेहमीपेक्षा जास्त वेळ तिथं राहिला. मला वाटलं पाहुण्यांना पद्धत दाखवतायत. मग ते म्हणाले, "जरा जास्त जाळ लागेल आज," आणि निखारे पुन्हा आत ओढून वर लाकडं रचली. जाळ धडधडत होता तेवढा वेळ त्यांनी पाहुण्यांना मूसाच्या उंटांच्या गोष्टी सांगितल्या. अण्णा गुडघ्यावर थापा मारून हसत होते, मुलगाही हसत होता. मी दारात उभी होते आणि मनात म्हणत होते, बाबा, आता तरी बघा, ओली आहे म्हणा, आणि सोडून द्या. बाबांनी पुन्हा निखारे सारले, पुन्हा हात टेकवला. मग उठून हात धुतले आणि भाकर वाळूवर ठेवली.

तिचं काय झालं ते सांगायला नको. पुरलेल्या जागेतून फुसफुस करत वाफ यायला लागली. उकरली तर ती चिखलात पडलेल्या फडक्यासारखी निघाली, वाळू आतपर्यंत रुतलेली, चिकट, पांढरी. बाबांनी ती तरीही हातावर घेतली आणि ठोठावली. आवाज आला नाही. पुन्हा ठोठावली, कान जवळ नेला. मग पाहुण्यांकडे बघून म्हणाले, "हात गेला माझा. बरेच महिने केली नाही की असं होतं." आदल्याच रविवारी त्यांनी सुरेख तागेला केली होती. मला वाटलं, बिचारे लाज राखायला खोटं बोलतायत. अण्णा भले माणूस. त्यांनी त्या गोळ्याचा एक कोपरा तोडून तोंडात टाकला, कचाकचा चावला आणि म्हणाले, "चव आहे, चव आहे! वाळू काय, आमच्याच गावची." सगळे हसले. आयनं रस्सा भातावर वाढला. लग्न जमलं.

त्यानंतर बाबांनी तागेला कधी केली नाही. माझ्या लग्नानंतर पिंपातली वाळू शेजाऱ्यांच्या ओट्याच्या गिलाव्यात गेली आणि पिंपात आयनं आळू लावलं. अण्णा भेटतील तेव्हा विचारायचे, "व्याही, ती भाकर राहिलीच हो." बाबा उलटा हात दाखवून म्हणायचे, "हात गेला." अण्णा वारले तेव्हाही त्यांची ती भाकर राहिलेलीच होती. प्रत्येक वेळी मी तिथंच असायचे, पोळ्या लाटत नाहीतर मुलीला भरवत, आणि प्रत्येक वेळी गप्प बसायचे.

मी तलासरीजवळच्या आरोग्य केंद्रात लागले, तिथंच आयुष्य गेलं. म्हातारपणी बाबा महिन्यातून एकदा यायचे, किटली पिशवीत घालून. माझ्या ओट्यावर बसून तीन चहा करायचे. एकदा दुसऱ्या पेल्याला त्यांनी माझ्या नवऱ्याला एक गोष्ट सांगितली, जी आम्हाला घरच्यांना कधी सांगितली नव्हती. ते लिबियात असताना माझे आजोबा गेले. ती बातमी पत्रानं पोचेपर्यंत महिना उलटून गेला होता. कुणाच्या गळ्यात पडून रडायची सोय नाही, सुतक कुणाबरोबर पाळायचं? मूसानं काही विचारलं नाही. जाळ केला, भाकर पुरली, काढली आणि पहिला तुकडा स्वतःच्या हातानं बाबांच्या तोंडात घातला. बाबा म्हणाले, "त्या दिवशी मनात धरलं होतं, माझ्या घरी मोठं कार्य निघेल तेव्हा ही भाकर करीन. जमलं नाय. असू दे." माझा नवरा म्हणाला, "आता करा की." बाबांनी किटली उचलून बघितली आणि म्हणाले, "हात गेला."

मी तिथंच बसले होते. सांगायचं मी तेव्हाच ठरवलं, तिसऱ्या पेल्याला सांगू म्हणून. पण बाबांची शेवटची गाडी असायची, नाहीतर केंद्रातून बोलावणं यायचं, नाहीतर मलाच एकाएकी आत काहीतरी काम निघायचं. शेकडो बायकांना जिनं न डगमगता बाळंत केलं, तिची ही गत. चार शब्द होते. 'बाबा, मी पाणी ओतलं.' पुरती अकरा वर्षं मी ते पुढं ढकलले आणि एक दिवस बाबा झोपेतच गेले. मला कुणी चांगली मुलगी म्हणालं की अजून अंगावर काटा येतो.

आता आय माझ्याकडे असते. ऐंशीच्या पुढं गेली, दात नाहीत, जीभ मात्र तश्शीच धारदार. गेल्या थंडीत माझ्या मनानं घेतलं की आपण तागेला करून बघायची. नवऱ्यानं नदीवरून दोन पाट्या वाळू आणून दिली. जुनं लोखंडी घमेलं घेतलं, जाळ केला. आय खुर्चीवर बसून शेरे मारत होती, "आली, आली, बापाची लेक वाळू भाजायला." निखारे सारले, खळगा केला आणि नकळत माझा हात उलटा झाला. बोटांची मागची बाजू तळाला टेकवली.

ओल होती. रात्रीच्या दवाची असेल, नाहीतर नदीतूनच आली असेल. फार नव्हती, पण बोट टेकताक्षणी कळली. वरून चटका आणि त्याखाली ती गार, जड ओल. मी आयुष्यभर तापानं फणफणलेल्या कपाळांवर हात ठेवले, पण तापलेल्या वाळूवर ठेवला तो जन्मात पहिल्यांदा. मला कळली. आणि बाबा तर सहा वर्षं वाळवंटात राहून आलेले, आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखणारे. त्यांनी दोनदा हात टेकवला होता.

मी हात काढून घेतला. मग आयला विचारलं, "आय, मला बघायला आले त्या दिवशी परसातली कळशी तू उचलून ठेवलीस ना?"

"कुठली कळशी?"

"पाण्याची. पिंपाजवळ राहिली होती ती."

"मी नाय गो. मी तर पुढच्या दारी सारवत होते." आय आठवत राहिली. म्हातारीला कालचं आठवत नाही, पण तेव्हाचं सगळं आठवतं. "तुझा बापूस मटण घेऊन आला, परसात गेला, तो कळशी घेऊन आत आला. मी म्हटलं, ही कुठं होती? तर म्हणाला, हेमूची राहिली होती. आणि म्हणाला, पोरीला आज काय बोलू नको. मी म्हटलं, मी कशाला बोलू? आज तिला बघायला येतात."

म्हणजे पाहुणे येण्याच्याही आधी. जाळ पेटवायच्या आधी. कळशी बघून त्यांनी वाळूत हात घातला असणार आणि सगळं समजलं असणार. बेत रद्द केला असता तर कारण सांगावं लागलं असतं, आणि त्या घरात त्या सकाळी पाणी भरणारी मी एकटीच होते. म्हणून त्यांनी ओल्या वाळूत भाकर पुरली, सगळ्यांसमोर ती ठोठावली आणि स्वतःचा हात गेला म्हणून सांगितलं. तेही एकदा नव्हे, अण्णा जिवंत होते तोवर दर भेटीत, मी ऐकत असताना. मी सांगावं म्हणून वाट बघितली असेल का त्यांनी? तिसऱ्या पेल्याला? ते आता कोण सांगणार?

"काय गो, बसून काय राहिलीस?" आय म्हणाली. "विझतील ते निखारे."

वाळू पुन्हा तापवायला लाकडं होती. मी तापवली नाही. मळलेला गोळा तसाच ओल्या वाळूत ठेवला आणि वर वाळू ओढली. वाफ फुसफुसली. काढली तेव्हा ती अगदी तशीच निघाली, पांढरी, चिकट, वाळूनं माखलेली. मी ती झाडली, धुतली, जमेल तेवढी खरवडली, कालवणात कुस्करली आणि पहिला घास आयच्या तोंडात घातला. ती हिरड्यांनी चावत राहिली. मग मीही खाल्ली.

"कचकच लागते गो वाळू," आय म्हणाली.

मी म्हटलं, "लागू दे."